पमाताईंची तफावत

माझं काम बसायचं. चेष्टा करत नाही, पगार त्याचाच मिळतो. सरकारी कागदावर माझं पद 'अंतःसंवेदन सहायक' असं आहे, पण आमच्या मिरजेत तसं कुणी म्हणत नाही, म्हणता म्हणता जीभ अडखळते. लोक आम्हाला 'बसणाऱ्या बायका' म्हणतात. कुणाच्या टिकलीचा दिवा लाल झाला की केंद्रातून फोन येतो. मग मी, हेमलता करांडे, पायात चप्पल सरकवते, त्या घरी जाते आणि बसते. माणूस बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तरी बसायचं. डॉक्टर येईपर्यंत, औषध लागू पडेपर्यंत, घरच्यांच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत. इतकी वर्षं बसून कंबर तर गेलीच आहे, आणि खरं सांगायचं तर मनही आताशा बसल्याजागी पेंगायला लागलं आहे.

टिकली म्हणजे कपाळावरची नव्हे. गळ्याखाली हाडाजवळ चिकटवायची नखाएवढी पट्टी. सक्ती नाही म्हणतात, पण ती नसेल तर विमा मिळत नाही. म्हणजे सक्तीच की!

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी डॉक्टर इनामदार मॅडमनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले होते. "नाडीला हात लावायचा नाही, छातीलाही नाही. आतून जाणवतील तेवढे काळजाचे ठोके मोजा." आम्ही मोजले. मशीनच्या आकड्याशी ताडून बघितलं, तर अर्ध्या जणींचा मेळ बसेना. माझी मैत्रीण शाहिन मुजावर म्हणाली, "मॅडम, माझं तर बंदच पडलंय वाटतं." आम्ही सगळ्या खो खो हसलो.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शाळेत आपल्याला पाच इंद्रियं शिकवतात, ती सगळी बाहेरचं बघणारी. आतलं बघायचीही एक सोय आहे. काळीज किती पळतंय, पोट रिकामं आहे का, श्वास पुरतोय का, कुठं दुखतंय का, ह्या खबरा दिवसभर मेंदूकडे जात असतात. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूची एक घडी आहे, तिला इन्सुला म्हणतात. खबरा तिथं पोचतात आणि त्यांतूनच आपल्याला भूक कळते, भीती कळते, माया वाटते. आता संशोधकांना असं आढळलं की ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांना ह्या खबरा नीट पोचत नव्हत्या. स्वतःचे ठोके कळत नव्हते. बर्फात हात घातला तर इतरांपेक्षा जास्त वेळ ठेवू शकत होते. शरीर आपलं वाटतच नव्हतं, कुणी तरी सांभाळायला दिलेल्या बोचक्यासारखं झालं होतं. बोचकं टाकून द्यायला माणूस फार विचार करत नाही."

"म्हणजे ज्याला ठोके कळत नाहीत तो जीव देणार?" शाहिननं घाबरून विचारलं.

"नाही गं बाई. तसं असतं तर तुमच्यापैकी अर्ध्या जणी आज इथं नसत्या. पण आधी कळत होतं आणि आता कळेनासं झालं, दिवसेंदिवस कमी होत चाललं, तर लक्ष द्यायचं. टिकली मन वाचत नाही. शरीर काय सांगतंय आणि माणसाला काय जाणवतंय, ह्यातलं अंतर तेवढं बघते."

त्या अंतराला तफावत म्हणतात. टिकली ठोके मोजते, पोटाच्या हालचाली मोजते, आणि दिवसातून काही वेळा फोनवर विचारते, भूक लागली का, छाती धडधडते का, थकलात का. तुमचं उत्तर आणि तिचं मोजमाप जुळलं की हिरवा. जुळेनासं झालं की पिवळा, आणि फारच फाटत गेलं की लाल.

हे सगळं ज्यांनी बनवलं त्यांना आपल्याकडच्या बायका ठाऊक नव्हत्या. पहिल्याच नवरात्रात अर्धी मिरज लाल झाली. पोट ओरडतंय आणि बाई सांगते आहे, भूक नाही. खोटं नव्हे हो, खरंच नसते लागत. रमजानात शाहिनच्या मोहल्ल्यात तेच. आम्ही बसणार तरी किती घरी? एका घरी मी बसायला गेले तर त्या घरच्या बाईनं मलाच साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. शेवटी पुण्याच्या साहेब लोकांनी कपाळाला हात लावला आणि टिकलीत एक बटण टाकून दिलं. 'आज उपवास आहे.' ते दाबलं की त्या दिवसापुरतं टिकली काही विचारत नाही आणि आदल्या हिशोबावर दिवा तसाच ठेवते. त्या दिवशी आम्ही केंद्रात पेढे वाटले होते.

आता पमाताईंबद्दल सांगते. प्रमिला शंकर आंबी, माझी थोरली नणंद. मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून, कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यांचे नातेवाईक रस्त्यावर भुकेले फिरतात. त्यांच्यासाठी पमाताईंची खानावळ. भाकरी, झुणका, एखादी पातळ भाजी. कानडी येवो न येवो, आलेल्या प्रत्येकाला दारातच विचारणार, "ऊट आयता?" जेवण झालं का? माणूस नाही म्हणालं की ताट पुढं.

त्यांचे यजमान, आमचे शंकरभावजी, छातीच्या दुखण्यानं फार दिवस अंथरुणाला होते. पमाताईंनी खानावळ सांभाळून त्यांचं सगळं केलं. भूक लागली, नंतर बघू. झोप आली, नंतर बघू. कंबर दुखते, नंतर बघू. भावजी गेल्यावर त्या रडल्यासुद्धा नाहीत. बारावं-तेरावं उरकलं आणि परत तवा चढवला. आम्ही सगळे म्हणालो, बाई खंबीर आहे. मी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. टिकलीचा दिवा कायम हिरवागार होता, मग शंका यायचं कारणच काय?

त्या रविवारी मी मालगावला एका घरी सकाळपासून बसून दमून आले होते. पोटात कावळे कोकलत होते, म्हणून तशीच खानावळीत गेले. पमाताई चुलीपाशी उभ्या. चूल म्हणजे गॅसचीच, पण त्या चूलच म्हणतात.

"आलीस का? बस. ऊट आयता?"

"कुठलं ऊट, पमाताई! वाढा काही तरी, जीव चाललाय माझा."

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. डावा हात तव्याच्या कडेला टेकलेला. भाकरी करणाऱ्या बाईचे हात निबर असतात, माझी आई निखाऱ्यावरची भाकरी हातानं उचलायची, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. मला मालगावच्या बाईचं गाऱ्हाणं सांगायचं होतं, ते मी सांगत बसले. मग वास आला.

पमाताईंनाही आला. त्यांनी हुंगत भाकरी उलटून बघितली. "कसला गं वास? भाकरी तर करपली नाही."

मी किंचाळले. धावत जाऊन त्यांचा हात ओढला, नळाखाली धरला. तळव्याची कड पांढरीफटक पडली होती. पमाताई तो हात उलटसुलट करून बघत होत्या, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"भाजलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"वाटतं? अहो, दुखत नाही का?"

"दुखत असेल. दुखायला पाहिजे खरं."

मी त्यांच्या पदराखाली बघितलं. टिकली जागेवर होती, दिवा हिरवा होता. माझं डोकं चालेना. "सकाळी टिकलीनं भुकेचं विचारलं तेव्हा काय सांगितलंत?"

"उपवास आहे म्हणून सांगितलं."

"आज रविवार. रविवारी कसला उपवास?"

"आदित्याचा."

"आणि काल?"

"मारुतीचा."

"परवा?"

"देवीचा. अगं, आपल्यात देवांना काय तोटा आहे का? सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, बुधवारी पांडुरंग, गुरुवारी दत्त. झाला आठवडा." आणि हे सांगताना बाई हसली. "ती मेली सारखी विचारत बसते, भूक लागली का, थकलीस का. मला काय कळतंय? बटण दाबलं की गप्प बसते."

"मग उपवासाला खाता तरी काय?"

"खाते की. कधी तरी खाते. आधी वाटायचं नंतर खाऊ. आता नंतरसुद्धा वाटत नाही."

आम्हाला शिकवलं आहे, सरळ विचारायचं. आडून आडून नाही, तोंडावर. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं हा निव्वळ गैरसमज आहे. मी तो प्रश्न कितीतरी घरांत विचारला आहे, पाणी मागावं तितक्या सहज. पण नणंदेपुढं मी आधी पदराला हात पुसले, पुसलेले परत पुसले, मग विचारलं.

"पमाताई, जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?"

बाहेर कुणी तरी 'अक्का, भाकरी' म्हणून हाक मारत होतं. पमाताईंनी उजव्या हातानं परातीतलं पीठ सारखं केलं.

"येतं," त्या म्हणाल्या. भाजी संपली सांगावं तशा आवाजात. "रोज नाही. पण येतं. वाईट वाटतं म्हणून नाही गं. काहीच वाटत नाही म्हणून. तुला म्हटलं सांगावं एकदा, पण सांगायला दुःख तरी पाहिजे ना? सांगू काय?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी दिवसभर परक्यांच्या घरी बसते आणि माझ्या घरातलं माणूस असं रिकामं होत चाललं होतं. राग पण आला, टिकलीचा, पुण्याच्या साहेबांचा, देवांचा, आणि पमाताईंचा तर सगळ्यांत जास्त. केंद्रात लालची नोंद करायला मी फोन काढला.

तेव्हा मात्र त्या पुढं आल्या. "हेमा, लाल करू नकोस हं. गॅस बंद करतील."

ते खरंच होतं. नियमच आहे तसा. लाल लागलेल्या माणसाच्या हाती आग, यंत्र, गाडी ठेवायची नाही. केंद्रातून नोंद गेली की मीटर आपोआप बंद होतं. खानावळ बंद म्हणजे पमाताईंचा दिवस बंद. सकाळी उठायला त्यांना तेवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते मी काढून घेणार होते. नाही काढलं तर? त्या भाजलेल्या हाताकडं बघून मला त्याचं उत्तर मिळालं.

"ह्या लोकांनी जेवायचं कुठं?" पमाताई म्हणाल्या. "हुबळीची म्हातारी आलीय, तिचा लेक आत आहे ऑपरेशनला. तिला काय सांगू?"

"तुम्ही आयुष्यभर माझ्याशी बोलू नका, पमाताई. चालेल मला," मी म्हणाले, आणि नोंद केली. थोड्या वेळानं तव्याखालची आच बारीक होत होत विझली. पमाताईंनी तव्यावरची अर्धकच्ची भाकरी उचलून खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

घरी माझे यजमान जयवंत माझ्यावर उखडले. पमाताईंच्या पाठचा भाऊ, त्यात तापट. "माझ्या बहिणीला ती खानावळ म्हणजेच सगळं होतं, हेमा. तुला सगळीकडं लालच दिसतं. तिला घरात कोंडून बसवलंस, आता ती काय करणार दिवसभर? विचार करत बसेल आणि..."

"अहो, त्या विचार करत बसल्या असत्या तर मी नाचले असते," मी म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते, आणि मीही चुकीचं केलं नव्हतं. असल्या भांडणाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

नात्यातल्या माणसाकडे ड्यूटी देत नाहीत, म्हणून पमाताईंकडे शाहिन बसायला लागली. मी रजा टाकली आणि तीसुद्धा तिथंच बसून काढली. इनामदार मॅडम स्वतः येऊन गेल्या, गोळ्या सुरू केल्या, घरातलं जे जे काढून ठेवायचं ते आमच्याकडून काढवून घेतलं. आणि व्यायाम दिले. ऐकलं तर हसू येईल असले. जिना चढून यायचं आणि गप्प बसून छातीत काही हलतंय का बघायचं. एका पातेल्यात कोमट पाणी, एकात गार, डोळे मिटून हात घालायचा आणि कुठलं कुठलं ते सांगायचं. जेवायच्या आधी पोटाकडं लक्ष द्यायचं, पहिला घास गिळताना तो कुठपर्यंत जातो ते बघायचं.

"पोटाला विचारून जेवायचं म्हणे!" पमाताई शाहिनला म्हणाल्या. माझ्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. मी समोर बसलेली असताना शाहिनला सांगायच्या, "तिला म्हणावं, तुझं घर नाही का तुला?" शाहिन बिचारी माझ्याकडं वळून तेच वाक्य परत सांगायची.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. "मेंदूची सवय आहे ही. तीन वर्षं त्यांनी प्रत्येक खबर बाजूला सारली, तर मेंदूनं शेवटी खबरा घ्यायचंच बंद केलं. सवय लागते तशी मोडतेही, पण हळूहळू." मी मान हलवली. हळूहळू हा शब्द डॉक्टरांना सोपा असतो. मी भिंतीला टेकून दिवसच्या दिवस काढले. पातेल्यांतलं पाणी बदललं, जिना त्यांच्याबरोबर चढले, माझ्या गुडघ्यांनी राम म्हटला. पमाताई डोळे मिटून पाण्यात हात घालायच्या आणि दोन्ही पातेल्यांना एकच उत्तर द्यायच्या, "पाणी आहे." मला एकदा इतका वैताग आला की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वाटलं, जाऊ दे, माझ्यानं होत नाही. मग आत जाऊन परत पाणी तापवलं.

एके दिवशी गार पाण्यात हात घातला आणि त्यांनी झटक्यात काढून घेतला. "किती गार गं!" शाहिन टाळ्या वाजवायला लागली. मी गप्प राहिले, म्हटलं दृष्ट नको लागायला. पण त्यानंतर हळूहळू उत्तरं जुळायला लागली. लाल गेला, पिवळा आला, आणि एका सकाळी दिवा हिरवा झाला. ह्या खेपेला उपवासाचं बटण मॅडमनी बंद करून ठेवलं होतं, म्हणजे हिरवा खरा होता.

दिवा हिरवा झाला तशी केंद्रानं शाहिनला परत बोलावून घेतलं. गॅस चालू झाला. जयवंत पेढे आणायला निघाले. आणि पमाताई हात पोटाशी धरून रडायला लागल्या.

साधं रडणं नव्हे ते. भावजी गेले तेव्हा जे यायला पाहिजे होतं, ते सगळं एकदम आलं. हाताची आग होत होती, कंबर दुखत होती, पोटात ढवळत होतं, छाती भरून आली होती. आणि इतक्या दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या. "हेच हवं होतं ना तुम्हाला? आता सगळं दुखतंय मला! बरी होते की मी. कळत नव्हतं तेच बरं होतं. शेवटी शेवटी ते पाणी मागत होते गं, मी म्हटलं थांबा, भाकरी तव्यावर आहे..." मी त्यांना पोटाशी धरलं आणि मीही रडले.

मी मॅडमना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "सोडू नका त्यांना. टिकलीला वाटतं हिरवं म्हणजे झालं. पण बधिर झालेला पाय जागा होताना आधी मुंग्याच येतात ना? हे दिवस जपायचे. मी येते."

मॅडमचा फोन ठेवला तोच आमच्या केंद्राचे पाटणकर साहेब. "करांडेबाई, तुमच्या नणंदेची केस क्लोज झाली. रजा रद्द करतोय, कुपवाडला लाल लागलाय, लगेच निघा."

"मी नाही येत, साहेब."

"दिवा हिरवा आहे हो! कुपवाडला एक तरुण मुलगी आहे. तिथं कशाला बसताय? नणंद आहे म्हणून?"

"हो. नणंद आहे म्हणून."

"ह्याची नोंद होईल."

"करा." मी म्हणाले खरं, पण ती कुपवाडची मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिच्या घरी कुणी नसलं तर? मी शाहिनला फोन केला. ती नुकती घरी पोचून चहा ठेवत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "साहेबांचा फोन आला आत्ताच, निघालेय मी. तू तिथंच राहा." अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. पमाताई एकदा रडायच्या, एकदा चिडायच्या. भूक लागली तरी चिडायच्या, आणि खाल्ल्यावर पोट दुखलं की मला बोल लावायच्या. मॅडमनी गोळ्या बदलल्या, एक दिवसाआड स्वतः येत राहिल्या. मी तोच प्रश्न परत परत विचारत होते, मनात येतं का, आणि पमाताई खरं खरं सांगत होत्या. "काल आलं होतं. पण काल वाईट वाटून आलं." मी मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाईट वाटतंय तर आपण त्यावर काही तरी करू शकतो." जयवंत दाराशी बसून लसूण सोलायचे. त्यांना दुसरं काय करावं सुचत नव्हतं. मला रात्री अंग टाकलं की कुठं पडले तेही कळत नसे.

हाताचं ड्रेसिंग बदलायचं होतं, म्हणून एका सकाळी मी त्यांना दवाखान्यात घेऊन निघाले. खानावळ सोडून त्या बऱ्याच दिवसांनी रस्त्यावर आल्या होत्या. त्या पुढं, मी मागं. माझी कंबर धरली होती, पाय उचलत नव्हता. उसाचा हंगाम चालू. कारखान्याकडं जाणाऱ्या त्या बिनड्रायव्हरच्या गाड्या एकामागून एक चाललेल्या, बॅटरीवरच्या, आवाज म्हणून नाही. पमाताई आपल्या तंद्रीत रस्त्यात उतरल्या. वळणावरून गाडी आली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. माझ्या आणि त्यांच्यात एक फळगाडा आणि चार माणसं होती.

गाडीनं ब्रेक मारला. ऊस कलंडून रस्त्यावर पसरला. आणि पमाताई कुठं होत्या? मागं, पार गटाराच्या कडेला, पदर सुटलेला, चप्पल एक रस्त्यात. उभ्या थरथरत होत्या, आणि पुढच्याच क्षणी तोंडाचा पट्टा सुटला.

"तुझा मुडदा बशिवला भाड्या! मारतोस काय मला? डोळे फुटले काय तुझे? ये खाली, ये, बघते तुला!"

लोक गोळा झाले. फळगाडेवाला म्हणाला, "अक्का, त्यात माणूस नाही कुणी."

"नसंना का! माणूस नसला म्हणून काय झालं? मी मेले असते की आत्ता!" असं ओरडून त्यांनी रस्त्यातली चप्पल उचलली आणि गाडीच्या तोंडावर फाडकन मारली. गाडीनं आपला पिवळा दिवा लुकलुकवला. लोक हसायला लागले.

मी पोचले तेव्हा त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर दाबला. ठोके माझ्या तळव्याला लागत होते, असे की मोजायची गरजच नव्हती. "बघ कसं धडधडतंय," त्या म्हणाल्या. "घाबरले गं मी, हेमा. केवढी घाबरले! तू वेळेवर ओढलंस म्हणून."

"मी नाही ओढलं, पमाताई. मी पार तिकडं होते. तुम्हीच मागं उडी मारलीत."

त्यांनी मी जिथं होते तिकडं वळून बघितलं. मग गाडीकडं, मग परत माझ्याकडं. मला तिथंच रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसावंसं वाटत होतं, आणि मी बसलेही. दिवसाढवळ्या, चारचौघांत, डोळ्यांना पदर लावून हुंदके देत बसले.

"ऊठ," पमाताई म्हणाल्या. पायात चप्पल अडकवून त्यांनी चांगला हात माझ्यापुढं केला. "आणि इतकी मागं कशाला राहिली होतीस? हात धर माझा. पलीकडं जायचंय."